दहा मिनिटं आणि सासूबाई

ट्रॉय, ४ ऑक्टो. २००४
लायब्ररीतून फोन! शाळेच्या मुलांना चित्रं समजावून सांगायला व्हॉलंटियर हवी. पगार नाही, म्हणजे माझ्या डिपेंडंट व्हिसाला चालतं. १५ला ट्रायल, दहा मिनिटं. चित्र: एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार, शेतात वाकलेल्या तिघी. मूळ पॅरिसला, इथे प्रिंट. अमेरिकेत तीन वर्षं घरात बसून डोक्याला गंज चढलाय. हे मिळायलाच हवं.

७ ऑक्टो.
वाचन जोरात. चित्रकार नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, स्वतः शेतात राबलेला. गरीब बायका एवढ्या मोठ्या काढल्या म्हणून पॅरिसचे शिष्ट बिथरले. घरात नऊ मुलं. नवरा म्हणाला, "मग चित्रं कधी काढायचा?" पुस्तकात उत्तर नाही.

१० ऑक्टो.
हॉलमध्ये तालीम. प्रेक्षक दोन. नवरा (झोपला) आणि सासूबाई (एप्रिलपासून मुक्काम). चित्र बघून म्हणाल्या, "अगं, सरवा वेचतायत. कापणीनंतर पडलेली कणसं. आम्ही वेचायचो."
"आई, हे फ्रान्स आहे."
"असेल. कंबर तर आपल्यासारखीच दुखतेय."

१५ ऑक्टो.
नवऱ्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज, सुट्टी नाही. सासूबाई घरी एकट्या राहीनात, नेलं बरोबर. परीक्षक नॅन्सीबाई, समोर सहा मुलं. मी: रचना, क्षितिज, प्रकाश... चौथ्या मिनिटाला डोकं कोरं. एक मुलगा जांभई देऊन, "इज इट ओव्हर?"
तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला आणि कार्पेटवर वाकल्या! एक हात पाठीशी. "वेचलेलं इथे धरायचं. दुसरा हात मोकळा. सांग त्यांना." सांगितलं. मग चित्रातल्या तिसरीसारखं अर्धवट उठून कण्हल्या, "ही तिसरी." मुलं वाकून कार्पेटवर सांडलेले क्रेयॉन वेचायला लागली. नॅन्सीबाईही वाकल्या, त्यांना उठवायला दोघी लागलो.
राग आला होता. हसूही.

२० ऑक्टो.
नॅन्सीबाईंचा फोन. खूप आवडलं म्हणे. दर शुक्रवारी या, दोघी. "मी एकटी चालेन?" विचारलं. "ओह, टुगेदर, प्लीज!"
वाईट वाटलं. हे माझं एकटीचं हवं होतं. पण सासूबाई वाकल्या नसत्या तर मलाही ते चित्र दिसलं नसतं, हेही खरं. त्यांचं परतीचं तिकीट ३०चं. नवऱ्याला कळलं की लगेच मुक्काम वाढवायचा अर्ज करेल, हौसेने.
सासूबाईंनी दोनदा विचारलं, "कुणाचा गं फोन?" दोनदा म्हटलं, राँग नंबर. आता डायरीजवळच येऊन बसल्यात आणि वाकून वाच...