फुल पँटची थ्री-फोर्थ

३ फेब्रुवारी, सोमवार
शर्टाची काजं देशभरात गुपचूप लहान करण्यात आली आहेत. आज एका बटणाला सात मिनिटं. सत्तावीस वर्षं जीन्स कापणाऱ्या कटिंग मास्तरवर ही वेळ! ग्राहक मंचाला लिहिणार. शेवटी सुषमाने लावलं. बायको झाली म्हणून हसायचं काही कारण नव्हतं.

६ फेब्रुवारी
उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. कारण उघड आहे : एसी. आपल्या कारखान्यात नाही, पण बाजूच्या ऑफिसात आहे. उद्यापासून रोज शंभर वेळा मूठ उघड-मीट.

७ फेब्रुवारी
बारा झाल्या. हळूहळू वाढवू.

११ फेब्रुवारी
टेबलावर कापडाचे चाळीस थर. कटिंग मशीन पोटरीपाशी घसरलं, म्हणजे चाळीस पँटी एका फटक्यात. प्रसंगावधान राखून सगळ्या थ्री-फोर्थ केल्या. साईंना, म्हणजे आमच्या शेठना, सांगितलं की कौसाबाईने थर वाकडे पसरले. वांगणीहून येते, घाईत असते. साईंनी तिला धागे कापायला बसवलं, निम्म्या रोजावर. जाताना तिने मला एवढंच विचारलं, मास्तर, कापड हाललं का हात?
बायकांना मशीनमधलं कळत नाही.

१८ फेब्रुवारी
आज मांडीपाशी. बर्म्युडा केल्या. थर पसरायला नवा माणूस होता, त्याच्यावरही ढकलणार होतो, पण साईं समोरच उभे. म्हणाले, मास्टर, अगले हफ्ते रुमाल बनाओगे क्या? रसिक माणूस. मी सगळ्यांत जास्त हसलो.
मग संडासात जाऊन करंगळीला टाचणी टोचली. पुन्हा टोचली. रक्त आलं, दुखलं नाही. दुखत नाही म्हणजे बरं होतंय.

२५ फेब्रुवारी
बदलापूरचे डॉक्टर. अंगठा आणि बोटाच्या मध्ये कागद धरायला लावला आणि ओढला. गेला. म्हटलं, कागद गुळगुळीत आहे. त्यांनी पुठ्ठा दिला. तोही गेला. कोपराशी नस दाबली गेलीय म्हणाले. कधीपासून? मी म्हटलं, तीन आठवडे. सुषमा म्हणाली, गणपतीपासून. हिला कुणी विचारलं होतं?
अंगठ्यालगत खड्डा पडलाय तो दाखवला. स्नायू सुकलाय. ऑपरेशनने नस मोकळी होईल, गेलेली ताकद किती येईल ते सांगता येत नाही. मशीन धरता येईल ना, असं मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा डॉक्टर माझ्याऐवजी सुषमाकडे बघायला लागले.

२७ फेब्रुवारी
मला येणाऱ्या इतर कामांची यादी करायला बसलो.
वही कोरी ठेवलेली बरी. पुढे उपयोगी पडते.

३ मार्च, सोमवार
साईंना सांगितलं, थर सरळ होते. हात माझा गेला. त्यांनी रुमालाचा विनोद केला नाही. कौसाबाईला हाक मारून टेबलावर परत घेतलं. पूर्ण रोज.
धागे कापायला ती बसायची ते गोणपाट रिकामं होतं. त्यावर जाऊन बसलो, डाव्या हातात कात्री घेतली. जाता जाता ती वाकली आणि म्हणाली, मास्तर, धागा मुळाशी कापा, ओढू नका.
बरं, म्हटलं.