कोनफळाचं डोकं

१२ जानेवारी २००४, शहापूर

दुपारी धसईहून भाऊ येऊन गेला. चहा घेतला, पिशवी ओट्यावर ठेवली, फारसं बोललाच नाही. पिशवीत कोनफळ. अख्खं, डोक्यासकट! किती हरखले मी. वेडीच.

आमच्या घरातून डोकं कधी बाहेर जात नसे. कोनफळ खणलं की आई देठाकडचं डोकं कापून घ्यायची, कापाला चुलीतली राख फासायची आणि तुसात पुरून ठेवायची. पावसाच्या तोंडावर ते पुन्हा त्याच खड्ड्यात. "डोकं घरचं, बाकी पावण्यांचं," म्हणायची. लग्नानंतर मलाही कापलेलंच येऊ लागलं, तेव्हा रुसले होते. म्हणजे मी आता पावणी का? आई गेल्यावर वहिनीनंही तेच चालवलं.

मग आज अख्खं कसं? संध्याकाळी राहवेना. वहिनीला फोन केला, म्हटलं, डोकं कापायला विसरलीस की काय?

ती म्हणाली, "यांनी सांगलं नाय तुमाला? खालची जागा इकली, ताय. तारेचं कुंपण बी पडलं. खड्डाच नाय, तं डोकं ठेवून काय करू?"

चहा पिताना भाऊ का बोलला नाही? मीच बडबडत होते, केवढं मोठं कोनफळ म्हणून.

आत्ता कापलं. डोकं बाजूला काढलंय, सवयीनं म्हणा. कापाला चीक सुटलाय, राख हवी. पण इथे गॅस. शेवटी देवापुढच्या उदबत्तीची राख चिमटीनं गोळा केली. निम्म्या कापालाही पुरली नाही.