ढवळ्याच्या शिंगावरची पिसं

जळकोट,
भाद्रपद शुद्ध पंचमी, शके १८६६

चि. महानंदा हिस बंडप्पाचे अनेक आशीर्वाद.

गुरुकृपेनं आम्ही दोघं खुशाल आहोत. वाशीला तुझ्या माहेरी वहिनीला मुलगा झाल्याचं तू पाठवलेलं पत्र पोचलं. तुझ्या सासूनं बाळासाठी दोन झबली शिवली आहेत. ती वर्षाच्या पोराला होतील एवढी मोठी आहेत, पण सिद्धम्माला हे सांगायची माझी छाती नाही. लढाईमुळं रॉकेल मिळत नाही, म्हणून ऊन आहे तोवर ओट्यावर बसून लिहितो.

पोळा झाला. बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या, पण शिंगांना मोरपिसं नव्हती. गेली तीन वर्षं अख्ख्या गावात आपल्या बैलांसारखे बैल नव्हते, त्यामुळं यंदा वेशीत जो तो विचारायला लागला. शेजारच्या मळ्यातला रेवणसिद्ध दर पोळ्याला ओढ्याकाठची गळलेली पिसं वेचून आणतो, हे तुला माहीतच आहे. यंदा आला तो मोकळ्या हातानं. मी म्हटलं, “काय रं, औंदा मोर गाव सोडून गेले का?”

“मोर हायेत की, अप्पा,” म्हणाला आणि निघून गेला.

मी घरात जाऊन तक्रार केली. सिद्धम्मा पुरण वाटायची थांबली. “त्यो पिसं बैलासाठी आणत हुता असं वाटतंय व्हय तुमाला? तीन वर्सं त्यानं ती महानंदाच्या हातात दिली. तुमी तिच्याकडनं घिऊन ढवळ्याच्या शिंगाला बांधली. लई थोर डोकं तुमचं.”

बिचारा ढवळ्या तीन वर्षं दुसऱ्याचा नजराणा डोक्यावर मिरवत होता, हे डोळ्यांपुढं आलं आणि हसून हसून मला ठसका लागला. सिद्धम्माही हसली. आपला पोरगा शांतलिंग गेल्यापासून तिला एवढं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. तिनंच सांगितलं, की त्यातलं एक पीस तू पेटीत लुगड्याच्या घडीत जपून ठेवलं आहेस. पेटी मी उघडली नाही.

इथवर लिहून पाणी प्यायला उठलो होतो. आता खरं लिहितो.

महानंदा, मला पहिल्याच पोळ्याला कळलं होतं. तू दारात उभी राहून एक पीस उन्हात फिरवत होतीस, त्यातल्या निळ्याचं हिरवं होताना बघत होतीस. नवरा गेल्यानंतर दोन वर्षांनी तुझ्या तोंडावर काही उमटलं होतं. पोरगा गेला, आता सूनही गेली तर या घरात बोलायचं कोणाशी, या भीतीनं मी पुढं झालो आणि “बैलांना झकास दिसतील” म्हणत पिसं काढून घेतली. पुढची दोन वर्षंही तेच केलं. सिद्धम्मा मला बिनडोक समजते, ते मी समजू दिलं. त्यात माझी सोय होती. मी तुझ्यावर अन्याय केला, पोरी.

आपल्यात विधवेची उडकी लावतात, दुसरं लग्न काही नवं नाही. रेवणसिद्धाची बायको वारून बरीच वर्षं झाली, पोरंबाळं नाहीत. माणूस निर्मळ आहे. त्याला रागावता येत नाही, ती कसर तू भरून काढशील. त्याला मी अजून एका शब्दानं विचारलेलं नाही, आधी तुला विचारतो. नको असेल तर विषय इथंच संपला, घर तुझंच आहे. हवं असेल तर भावाला सांग, की लग्न जळकोटात आपल्या दारात होईल आणि आईबापाच्या जागी आम्ही दोघं बसू.

दोन बांध ओलांडून तर जायचंय तुला. तरी पाठवणीच्या वेळी मी रडणार आहे. तेव्हा कोणी माझी समजूत काढायला येऊ नये, एवढं सगळ्यांना आधीच सांगून ठेव.

लेक सासरी धाडायला तयार झालेला,
तुझा बाप
बंडप्पा