ह्यांचा बाप्तिस्मा

२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं! सोळा तारखेला गावच्या तलावात ह्यांचा बाप्तिस्मा. किती वर्षं मी एकटी प्रार्थनेला जात होते, तेव्हा हेच म्हणायचे, "जा, तुया देवाले माहा नमस्कार सांग." आता स्वतः पास्टर शालीकरामांसमोर हात जोडून उभे! आईला फोनवर सांगितलं तर तिने फोनच ठेवून दिला. ठेवू दे.

दुपारी बायकांची प्रार्थना मीच घेतली. विषय – पवित्र जीवन. जग वागतं तसं आपण वागायचं नाही, यावर सुरुवात केली आणि दारूवर आले. नेहमीप्रमाणे कवडूची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी पिऊन नहराच्या घोटाभर पाण्यात पडला, मेला, बायको-पोरीला उघड्यावर टाकून गेला. त्याची बायको जमुनाबाई समोरच बसली होती. मीच तिला आमच्या ख्रिस्ती मंडळीत आणलं. तिनं मान खाली घातली. सत्य बोचतंच, त्याला इलाज नाही.

५ फेब्रुवारी

हे धड जेवत नाहीत. पास्टरांनी सांगितलंय – पाण्यात उतरायच्या आधी मन तपासा, लपवलेलं काही ठेवू नका. हे फारच मनावर घेऊन बसलेत. मी म्हटलं, "अजी, तुमी असं कोणतं मोठं पाप केलं? बिडीच तं ओढत होते!" हसले नाहीत.

८ फेब्रुवारी

ह्यांनी आज जे सांगितलं ते लिहू नये. तरी लिहिते. बोलू कोणाशी?

कवडू पिऊन मेला नाही.

माझ्या भावाने, लोकेंद्रने, डुकरं येऊ नयेत म्हणून धानाभोवती तार लावली होती. करंट सोडलेली. कवडू पहाटे बांधावरून जात होता. चिकटला. लोकेंद्रने ह्यांना फोन केला. दोघांनी उचलून नहरात टाकला – आणि टाकण्याआधी अंगावर मोहाची दारू ओतली! "वास याले पाह्यजे म्हणून," हे म्हणाले. संध्याकाळी सापडला तेव्हा कोणी नीट पाहिलंही नाही. पिणारा माणूस, पडला असेल. मीही तेच म्हटलं होतं.

"बाप्तिस्म्याच्या वेळी मंडळीसमोर साक्ष देतानी सगळं सांगीन," हे म्हणाले. "मंग ठाण्यात जाईन."

मी ओरडले, "लोकेंद्र जेलात जाईल! तुमी बी! इतकं पवित्र कायले व्हाले पाह्यजे?"

माझ्या तोंडून निघालं हे! माझ्या! जिनं ह्यांच्यामागे वर्षानुवर्षं लकडा लावला – पवित्र जगा, पवित्र जगा.

९ फेब्रुवारी, रविवार

गाणी म्हटली नाहीत. घसा बसलाय, असं सांगितलं. जमुनाबाईने धावत घरी जाऊन अद्रक आणून दिलं.

११ फेब्रुवारी

लोकेंद्रला फोन केला. आधी सगळं खोटं म्हणाला, मग रडला, मग चिडला. "ताई, भाऊजीले आवर. तुमच्या देवापायी माह्या लेकरायले उपाशी मारता का?" धाकटा भाऊ माझा. कडेवर घेऊन फिरवलाय त्याला.

मग तालुक्याला, गोरेगावात, पास्टरांकडे गेले. ते तरी रस्ता दाखवतील. ऐकून त्यांनी उठून आधी दार लावलं. मग म्हणाले, "ताई, हे साक्षीत नको. आधी बाप्तिस्मा होऊन जाऊ द्या. लोक तसेच आपल्यावर टपून राहिले. मंडळीचं नाव खराब होईल."

सुटले बाई! खरंच असं वाटलं. बसस्टँडवर येईपर्यंत वाटत राहिलं. बसमध्ये बसल्यावर नाही. हाच माणूस दर रविवारी पवित्रतेवर घसा कोरडा करतो! आणि मी त्याच्या एका वाक्याने खूश झाले. उडदामाजी काळे-गोरे काय निवडायचे?

१४ फेब्रुवारी

ह्यांना पास्टरांचा निरोप सांगितला. म्हणाले, "मंग पाण्यात कायले उतरू? आंघोळ तं मी घरीच करून राहिलो."

इतकी वर्षं मी ज्याला पवित्र जीवन म्हणत होते ते म्हणजे उपवास, गाणी, आणि प्रसादाला हात न लावणं. आणि हे मात्र ते जू घेतल्यासारखं मानेवर घेऊन निघालेत. मला भीती वाटते ह्यांची.

उद्या आईकडे जाते. तिला माझ्या तोंडून कळलेलं बरं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं ह्यांनी. तलावाच्या पाळीवर, सगळ्यांसमोर, लोकेंद्रच्या नावासकट. पास्टरांनी मधेच गाणं सुरू केलं. कोणी साथ दिली नाही.

मला वाटलं, जमुनाबाई आता दगड उचलेल. ती पुढे आली. तारेचं विचारलं नाही, लोकेंद्रचं नाही. ह्यांच्या तोंडाकडे बघत एवढंच म्हणाली, "म्हंजे त्या दिवशी त्यानं पेली नव्हती?"

"नाही बाई. आमीच ओतली."

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती गा त्यानं." आणि मग माझ्याकडे वळली. "आयकलं का वो ताई? मोडली नव्हती त्यानं!"