पट्ट्यांआधी फोडलेला नारळ

पिंपरी, ऑक्टोबर १९५६

प्रिय गेनबा,

तुझ्या मुक्या स्वभावापुढे हात टेकले, बाबा! आठवडा झाला, ना निरोप, ना तोंड दाखवणं. माझ्या भावाला, बरकतला, निघोज्याला पाठवलं, तर तू शेतात आहेस म्हणून तानावहिनींनी दारातूनच वाटेला लावलं. ओव्हरसियरने सगळ्यांसमोर तुला हलगर्जी म्हटलं, कामावरून काढलं, आणि तू टोपी सारखी करून चालू लागलास. अरे, एक शब्द तरी बोलायचास! आता गावात म्हणे कंपनीचा पंखा गेनबाने पाडला अशी चर्चा आहे. ऐकून माझं डोकं फिरतं.

काय तो वाफ ओढायचा पंखा! बैलगाडीएवढं धूड, छताच्या कैचीला चार सळयांवर टांगलेलं. सळया मी निवडल्या, दुप्पट वजन पेलतील अशा. तू म्हणालास, "मिस्त्री, वजनाची भीती न्हाई, हेलकाव्याची हाय. चारी बाजूंनी तिरप्या पट्ट्या मारू, मग नारळ फोडू." पट्ट्या लोहाराकडून यायला दोन दिवस होते आणि खंडेनवमी तर दारात. हत्यारांची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, बटणाशी साहेब उभा. मला मुहूर्त गाठायचा होता. शिवाय वीस वर्षं पान्हा चालवतोय, कालचा शेतकरी मला शिकवणार का, हेही मनात होतं. खोटं कशाला बोलू?

पहिला दिवस नीट गेला. तिसऱ्या दिवशी पंखा झुलू लागला, नट ढिले झाले आणि एक कोपरा सुटून खाली आला. खाली काम करणारा ज्योतीराम थोडक्यात वाचला, खांद्यावर निभावलं. नट आवळणारे हात तुझे, म्हणून नाव तुझं लागलं. मी शेजारीच उभा होतो, गेनबा. माझी जीभच उचलेना. पट्ट्यांवाचून चालू करा असं मीच सांगितलं होतं, हे माझ्याशिवाय फक्त तुला माहीत, आणि तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस. त्यापेक्षा चार शिव्या हासडायच्या होत्यास.

आज सकाळी साहेबाला सगळं सांगून आलो. माझं मिस्त्रीपण गेलं, ते जाणारच होतं. तुला सोमवारी कामावर बोलावलंय. पण गावात गेलेलं नाव कंपनीच्या चिठ्ठीने परत येणार नाही, म्हणून हे पत्र. एकट्याने वाचून कोनाड्यात ठेवू नकोस. रविवारी सकाळी मी निघोज्याला येतो. चावडीवर माणसं जमव. तुझ्या शेजारी उभा राहून हे मीच मोठ्याने वाचणार आहे.

तुझाच,
लालमहंमद