हिल्डाची दुसरी विद्या

मी, मार्लिस टॉलेफसन, वय एकाहत्तर, निवृत्त स्कूलबस चालक, राहणार डेलावन, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने व कोणाचेही दडपण नसताना करीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात केले होते.

१. राहते घर माझ्या बहिणीची मुलगी ब्रिटा हिला द्यावे. अट एकच: तळघरातले मोठे टेबल हलवू नये आणि शनिवारी दुपारचा आमचा फाशांचा खेळ चालू ठेवावा. गोष्ट ती रचते, राक्षस ती आणते, आम्ही आपापली पात्रे घेऊन लढतो. तिच्यावाचून हे कोणाला जमायचे नाही.

२. बर्फ उडवायचे यंत्र भाऊ व्हर्नन याला. ते कित्येक वर्षे त्याच्याच गॅरेजात आहे. आता कोणी मागून त्याला लाजवू नये.

३. फ्रीझरमधले हरणाचे मांस अंत्यविधीला येणाऱ्या सर्वांना खाऊ घालावे. व्हर्ननलासुद्धा.

४. माझे पात्र, तलवारबाज हिल्डा, तिच्या फाशांसह ब्रिटाला. याबाबत थोडा खुलासा आवश्यक आहे.

या खेळात पात्र लढत लढत एकेक पायरी चढते आणि दर पायरीला काही नवे शिकते; हिल्डा चौथ्या पायरीवर होती. पाचवीला तलवारबाजाला एका डावात दुसरा वार मिळतो. मी तो लांबणीवर टाकून तिला आधी पुजाऱ्याची विद्या शिकवली; त्या विद्येने लांबूनच, एका शब्दात, पडलेल्याला उठवता येते आणि त्याच डावात तलवारही चालवता येते. माझा शेजारी ड्वेन क्रूगर, ज्याचा जादूगार जन्मात जादूशिवाय काही शिकला नाही, त्याने हिवाळाभर मला छळले.

"काय गं मार्लिस, दुसरा वार कुठाय? चर्चला गेलाय का?"

"तुला उठवावं लागेल तेव्हा विचार."

"मी पडतच नाही!"

तो पडला. गोठलेल्या नदीवर हिमराक्षसाने सगळ्यांना आडवे केले, हिल्डा तेवढी उभी. ड्वेनचा फासा आणखी एकदा वाईट पडता तर जादूगार कायमचा गेला असता. त्याचे नाव ड्वेनच्या दिवंगत पत्नीने, जॉयसने ठेवलेले; चित्रही तिनेच काढलेले. ड्वेन त्या चित्रावर हात ठेवून बसला.

"मावशी, तुझा डाव," ब्रिटा हळूच म्हणाली.

मी शब्द उच्चारला. जादूगार उठला. त्याच डावात हिल्डाची तलवार राक्षसाच्या गुडघ्यात! मग ड्वेनने आग सोडली, राक्षस कोसळला आणि तळघर आरोळ्यांनी दणाणले. त्याने मला घट्ट मिठी मारली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "तरी हिशेबात बसत नाही हं!"

म्हणून ब्रिटाने नव्या खेळाडूंना सांगावे: दुसरी विद्या घेताना नुसते काय मिळते ते पाहू नका. तिच्यापायी काय उशिरा मिळेल आणि ती दर लढाईत लागेल की क्वचित, हेही तोला. शेवटी टेबलाभोवती कोण बसले आहे ते बघा.

५. मासेमारीची होडी ड्वेनला द्यायची होती. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. ड्वेन म्हणाला, "मग होडी राहू दे. मला सही करायचीय." सबब होडीही व्हर्ननला. निदान ही मी आपणहून देत आहे.

स्थळ: डेलावन
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३

(सही) मार्लिस टॉलेफसन

साक्षीदार:

(सही) आर्डिस नायगार्ड, पाद्रीबाई

(सही) ड्वेन क्रूगर
[वकीलबाई नको म्हणत असताना सहीखाली स्वहस्ते: "पाचव्या पायरीनंतर घेतली असती तर जास्त बरं झालं असतं. पण घेण्यासारखी होती."]