पालथी ठेवलेली गिटार

वडगाव, बेळगाव
रविवार, ५ नोव्हेंबर

आप्पा, लिहायला फार उशीर केला, आधी त्याची माफी मागते. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. कॉलेजपासून मी रोजची वही लिहिते, तिच्यात तुमच्याबद्दल पुष्कळ आहे, पण तुम्हालाच उद्देशून लिहिलेलं एक वाक्यही नाही. आज लिहितेय, कारण एक गोष्ट मला उलगडत नाही, आणि ज्यांना विचारावी ते तुम्हीच.

तुमचा थोरला, अण्णा, मागाची खोली पाडून वर मजला चढवतोय, म्हणून मी निपाणीहून आवराआवरीला आले. माग कधीच मोडीत गेले. भिंतीवर तुमच्या चार बेस गिटारी मात्र तशाच टांगलेल्या होत्या. काल निपाणीच्या एका ऑर्केस्ट्राची माणसं त्या मागायला आली. अण्णा म्हणाला, "देऊन टाकू गं. वाजवतील तरी. हितं वाळवी खाणार." त्यांच्यातला बेस वाजवणारा डावखुरा आहे. आजवर साधी गिटार उलटी धरून वाजवत आलेला. त्यानं ती चौथी, उलट्या घडणीची गिटार भिंतीवरून काढली आणि गळ्यात घातली, तर ती त्याच्या अंगावर नीट बसली. "आक्का, ही तरी मला द्याच," असं म्हणाला. मी म्हटलं, सोमवारी सांगते. उद्या सकाळी ते टेम्पो घेऊन येणार आहेत.

बाकी तिघींचा मला काही प्रश्न नाही. पहिलीची मान पावसाळ्यात वाकली, तेव्हा तुम्ही शिसवीची नवी बसवलीत. तिच्या तारा जिच्यावर टेकतात ती पितळी पट्टी उद्यमबागेतल्या फाउंड्रीतल्या ओळखीच्या माणसाकडून ओतून आणलीत. दुसरीच्या मानेवरचे सगळे धातूचे पडदे उपटून खाचा लाकडानं बुजवल्यात, कारण तुम्हाला तबल्यातल्या डग्ग्यासारखा घुमारा हवा होता. तिसरी एसटीत मांडीवर मावावी म्हणून लहान केलेली. आवाज पकडणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी आईनं रहाटावर भरून दिली होती, ज्या रहाटावर ती साडीच्या सुताच्या कांड्या भरायची त्याच्यावरच. केसासारखी तार, जरा जोर लागला की तुटायची. अजून डोळ्यांपुढे येतं, आई म्हणते आहे, "ह्या माणसाला सूत पुरंना झालं, आता तांब्याचं बी विणणार." आणि तुम्ही दिवा धरून तिच्या शेजारी उकिडवे बसला आहात, श्वाससुद्धा जपून घेत.

शाळेत असताना मी तुमच्या कार्यक्रमांना यायची. गायक, ढोलक, अकॉर्डियन, सगळं ऐकू यायचं, तुमचं मात्र काहीच नाही. एकदा मी तसं सांगितलं. तुम्ही हसलात. "मी थांबलो की समजतंय," म्हणालात.

मी जन्माची डावरी. ते तुम्हाला चालत नव्हतं. जेवताना डावा हात भाकरीकडे गेला की तुम्ही हातातल्या कांडीनं मनगटावर टकटक करायचा. पाटीवरची पेन्सिलही तुम्हीच उजव्या हातात दिलीत. एकदा पाहुणे आलेले असताना मी चहाची बशी डाव्या हातानं पुढे केली. पाहुणे गेले. मग स्वयंपाकघरात येऊन, आईकडे बघत, मला म्हणालात, "लोकाच्या घरी नांदायचं हाय. तितं असलं खपवून घेणार न्हाईत." आईनं चुलीतली लाकडं मागं ओढली, पण माझी बाजू घेतली नाही. मी आजही उजव्या हातानं लिहिते. अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

चौथी गिटार तुम्ही हाताला अपघात झाल्यावर स्वतःसाठी करून घेतलीत, अशी माझी समजूत होती. पॉवरलूमच्या पट्ट्यात तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली, तारा दाबणं त्या हाताला जमेना, म्हणून तुम्ही हात बदललात. उजव्यानं दाबायचं, डाव्याच्या अंगठ्यानं छेडायचं. वर्षभर खपून तुम्ही ते शिकलात. पण काल अण्णा सहज बोलून गेला, "ती तर हात जायच्या आधीपासनं हितंच हाय की. तू सातवीत-आठवीत असशील." भिंतीवरच्या गिटारी मी तेव्हा कधी मोजल्याच नव्हत्या. रात्रभर ते डोक्यात राहिलं. आज दुपारी ज्यांनी ती केली त्या सुतारमामांकडे गेले. त्यांना आता दिसायला कमी झालंय, पण आठवण पक्की आहे.

"तुझ्या बाची चूक ती," मामा म्हणाले. "आधीची गिटार कागदावर पालथी ठेवून कडंनं पेन्सिल फिरवलाता त्यो. साडी मागावर पालथी असती न्हवं, सुलट बाजू खाली? तीच सवय. मी आपलं कागदाबरहुकूम कापलो. फळी तयार झाल्यावर म्हटलो, हे उलटं झालंय की रं. तर लई हसला. म्हणाला, असू दे गा, घरात एक डावरी हाय. तिला हुईल."

मी विचारलं, "मग मला दिली का नाही, मामा?"

"ते मला काय ठाव? तुझा बा. तू इचारायचीस."

विचारलं होतं, आप्पा. निदान मला तसं आठवतंय. अपघातानंतर निपाणीला गणपतीत तुमचा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा मी कॉलेजात होते. परतताना एसटीत ती गिटार आपल्या दोघांच्या मांडीवर आडवी होती. मी म्हटलं, "आप्पा, ही तुम्ही स्वतःसाठीच करून घेतली ना?" तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "व्हय. माझ्यासाठीच." त्या वेळी ते मला साधं उत्तर वाटलं. आज कळत नाही, की तुम्ही खोटं बोललात, की तोवर ते खरंच झालं होतं. एका बाजूनं कांडीनं माझं मनगट टोकायचं आणि दुसऱ्या बाजूनं त्याच हातासाठी गिटार जोडून घ्यायची, हे एकाच माणसाचं कसं? की तुम्ही ती भिंतीवर टांगलीत आणि मी हात पुढे करायची वाट बघितलीत? पण तो हात पुढे करायचा नाही हे तुम्हीच तर शिकवलं होतंत. की मामांपुढे चूक झाकायला मारलेली ती एक थट्टा होती, आणि मी चाळिशी उलटल्यावर तिच्यात काहीबाही शोधत बसलेय? प्रत्येक उत्तर थोडा वेळ खरं वाटतं. राग येतो, मग रागाचीच लाज वाटते.

त्या वादकाला ती मिळायला हवी, याबद्दल मात्र माझा गोंधळ नाही. भिंतीवर ती कुणाचीच नव्हती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. शेवटच्या या चार ओळी मी डाव्या हातानं लिहिल्यात. अक्षर पहिलीतल्या मुलीसारखं आलंय, आणि मनगट उगाचच आखडतंय.

उद्या : निपाणीला निरोप द्यायचा. टेम्पो सकाळी नको, संध्याकाळी आणा. त्याआधी चौथी एकदा गळ्यात घालून बघायची.